भारतातील ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षणक्रम

प्रवेश, अध्यापन, मार्गदर्शन आणि मूल्यमापन या प्रक्रिया मुख्यत्वे आंतरजालाच्या माध्यमातून पार पाडून विद्यापीठे जो पदव्युत्तर शिक्षणक्रम चालवितात, त्यास ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षणक्रम असे म्हणतात. एम.ए., एम.कॉम., एम.बी.ए., एम.सी.ए. आणि काही विषयांतील एम.एस्सी. या पदव्या भारतात या पद्धतीने मिळू शकतात. या शिक्षणक्रमांचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार होते. मान्यताप्राप्त विद्यापीठाने या विनियमांनुसार दिलेली ऑनलाइन पदवी नियमित वर्गात बसून मिळविलेल्या पदवीशी समकक्ष मानली जाते.

वर्गातील उपस्थितीची अट नसली, तरी ऑनलाइन शिक्षणक्रम हा वेळेच्या बंधनातून मुक्त नसतो. प्रत्येक विषयासाठी किती आठवडे, किती व्याख्याने आणि किती तासांचे अध्ययन अपेक्षित आहे, हे श्रेयांकांच्या हिशेबाने ठरलेले असते. नोकरी, शेती, व्यवसाय किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी पूर्ण करता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी या हिशेबावर अवलंबून असते.

संज्ञा

मराठीत ‘अभ्यासक्रम’ हा शब्द संपूर्ण पदवीसाठी आणि तिच्यातील एका विषयासाठीही वापरला जातो. त्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने संपूर्ण पदवीसाठी ‘शिक्षणक्रम’ आणि त्यातील एकेका विषयासाठी ‘अभ्यासक्रम’ हे शब्द रूढ केले. या लेखात तोच भेद पाळला आहे. याच विद्यापीठाच्या परिभाषेत अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकास ‘समंत्रक’ आणि अशा भेटींना ‘संपर्कसत्र’ असे म्हणतात.

दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण या दोन पद्धती व्यवहारात एकच समजल्या जातात. मात्र विनियमांमध्ये त्या वेगळ्या आहेत. दूरस्थ शिक्षणात छापील स्वयं-अध्ययन साहित्य, अभ्यासकेंद्र व संपर्कसत्रे यांवर भर असतो. ऑनलाइन शिक्षणात अभ्यासकेंद्र नसते. त्याची जागा विद्यापीठाचे संकेतस्थळ आणि त्यावरील अध्ययन व्यवस्थापन प्रणाली घेते. दूरस्थ शिक्षणाला विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राची मर्यादा असते, म्हणजे राज्य विद्यापीठास आपल्या क्षेत्राबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही. ऑनलाइन शिक्षणक्रमास ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यापीठाच्या ऑनलाइन शिक्षणक्रमाला बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथील, तसेच आखाती देशांत नोकरीनिमित्त राहणारा मराठी विद्यार्थीही प्रवेश घेऊ शकतो.

पूर्वपीठिका

महाविद्यालयात न जाता विद्यापीठाची पदवी मिळविण्याची सोय लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, तर मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाची स्थापना १९६९ मध्ये झाली. त्या धर्तीवर भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाले. ते आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू, स्थापन झाले. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये अस्तित्वात आले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद होय.

दूरस्थ शिक्षणाचे नियमन दीर्घकाळ इग्नूच्या अंतर्गत असलेल्या दूरस्थ शिक्षण परिषदेकडे होते. २०१३ मध्ये ही परिषद विसर्जित झाली आणि तिचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाकडे आले. इंग्रजी आद्याक्षरांवरून या विभागाचा उल्लेख ‘डेब’ असा केला जातो.

ऑनलाइन अध्यापनाची पायाभरणी २००३ मध्ये आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून सुरू केलेल्या एन.पी.टी.ई.एल. या उपक्रमाने झाली. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयं’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. त्यावर सुटे अभ्यासक्रम मिळू लागले. मात्र संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याची वाट २०१८ च्या विनियमांनी मोकळी केली. ४ सप्टेंबर २०२० रोजी अधिसूचित झालेल्या विनियमांनी मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन या पद्धती एका चौकटीत आणल्या. करोना साथीमुळे त्या वर्षी महाविद्यालये बंद होती आणि नियमित वर्गही पडद्यावर भरत होते. तथापि, साथीच्या काळातील ती तात्पुरती व्यवस्था आणि ऑनलाइन शिक्षणक्रम या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत नेहमीचे व्याख्यानच कॅमेऱ्यासमोर दिले जात होते. दुसऱ्यात अभ्यासक्रमाची आखणीच घरून शिकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून करावी लागते.

श्रेयांक आणि अध्ययनाचे तास

ऑनलाइन शिक्षणक्रमाच्या रचनेचे मूळ एकक श्रेयांक हे आहे. मुक्त शिक्षणाच्या परंपरेत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तासांचे अध्ययन. यात केवळ व्याख्यानाचे तास धरलेले नसतात. वाचन, टिपणे काढणे, चर्चा, स्वाध्याय लिहिणे आणि परीक्षेची तयारी या सर्वांचा त्यात समावेश होतो. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानेही वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे १,२०० तास, असेच प्रमाण मानले आहे. या हिशेबाने दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी साधारणतः ८० श्रेयांक, म्हणजे २,४०० तास, होतात. विद्यापीठानुसार व विषयानुसार एकूण श्रेयांकांत फरक आढळतो.

अभ्यासक्रम बहुधा २, ४, ६ किंवा ८ श्रेयांकांचे असतात. पदव्युत्तर स्तरावर ४ श्रेयांकांचा अभ्यासक्रम सर्वाधिक प्रचलित आहे. चार सत्रांत प्रत्येकी २० श्रेयांक धरल्यास एका सत्रात असे पाच अभ्यासक्रम येतात. शेवटच्या सत्रात त्यांपैकी काहींची जागा प्रकल्प किंवा प्रबंधिका घेते.

अध्यापनाचे चार घटक

ऑनलाइन अभ्यासक्रम चार घटकांनी मिळून बनतो. ‘स्वयं’ व्यासपीठावरही हीच रचना आहे.

पहिला घटक ई-व्याख्यानाचा. यात ध्वनिचित्रमुद्रित पाठ, सादरीकरणे आणि प्रात्यक्षिकांची चित्रणे येतात. वर्गातील तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे मुद्रित न करता एकेक संकल्पना स्पष्ट करणारे लहान पाठ तयार करण्याकडे कल असतो, कारण पाठ मध्येच थांबवून पुन्हा पाहण्याची मुभा हाच या माध्यमाचा विशेष लाभ आहे.

दुसरा घटक ई-मजकुराचा. स्वयं-अध्ययन साहित्य, संदर्भ-लेख, उदाहरणे आणि घटनाभ्यास त्यात असतात. स्वयं-अध्ययन साहित्य हे पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळ्या रीतीने लिहिलेले असते. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये ‘आपली प्रगती तपासा’ यांसारखे प्रश्न आणि अखेरीस सारांश व उत्तरसूची दिली जाते. शिक्षक समोर नसताना वाचकाला जिथे अडखळायला होईल, ती जागा लेखकाने आधीच ओळखणे या लेखनात अपेक्षित असते.

तिसरा घटक चर्चामंच. विद्यार्थी येथे शंका विचारतात. शिक्षक आणि सहाध्यायी सवडीने उत्तरे देतात. प्रत्यक्ष वर्गात हात वर करण्यास बुजणारा विद्यार्थी लेखी चर्चेत अनेकदा मोकळा होतो; याउलट लेखनाची सवय सुटलेल्यास हाच भाग अवघड जातो.

चौथा घटक स्वयंमूल्यमापनाचा. बहुपर्यायी प्रश्न, लघुप्रश्न आणि स्वाध्याय यांतून विद्यार्थ्याला आपली प्रगती कळते.

यांखेरीज ठरावीक वेळी थेट व्याख्याने होतात. मुद्रित पाठ, मजकूर व चर्चामंच हे असमकालिक, म्हणजे ज्याने त्याने आपल्या सवडीने वापरावयाचे असतात. थेट व्याख्यान हे समकालिक असते, म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी उपस्थित असतात. नोकरदार विद्यार्थ्यांचा विचार करून थेट व्याख्याने बहुधा संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ठेवली जातात.

आठवड्यांची आखणी

कोणत्या श्रेयांकांच्या अभ्यासक्रमास किती आठवडे आणि त्यांत कशासाठी किती तास, याचे मानक २०२० च्या विनियमांच्या परिशिष्टात दिलेले आहे. थेट व्याख्यानासाठी आठवड्याला एक तास आणि चर्चामंचासाठी आठवड्याला दोन तास हे सूत्र सर्वत्र समान आहे.

| श्रेयांक | आठवडे | थेट व्याख्याने (तास) | चर्चामंच (तास) | ई-व्याख्याने (तास) | ई-मजकूर (तास) | स्वाध्याय व मूल्यमापनासह स्वयं-अध्ययन (तास) | एकूण तास |
|---|---|---|---|---|---|---|---|
| २ | ६ | ६ | १२ | १० | १० | २२ | ६० |
| ४ | १२ | १२ | २४ | २० | २० | ४४ | १२० |
| ६ | १४ | १४ | २८ | ३० | ३० | ७८ | १८० |
| ८ | १६ | १६ | ३२ | ४० | ४० | ११२ | २४० |

या तक्त्यावरून दोन बाबी स्पष्ट होतात. एक, थेट व्याख्यानाचा वाटा अल्प आहे. ४ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात तो १२० पैकी अवघा १२ तासांचा, म्हणजे दहावा हिस्सा, आहे. दोन, श्रेयांक वाढतात त्या प्रमाणात आठवडे वाढत नाहीत. ४ श्रेयांकांना १२ आठवडे असताना ८ श्रेयांकांना २४ नव्हे, तर १६ आठवडेच मिळतात. त्यामुळे आठवड्याचा भार १० तासांवरून १५ तासांवर जातो आणि वाढीव भाग मुख्यतः स्वयं-अध्ययनाच्या वाट्याला येतो.

सत्रे, कालावधी आणि गती

प्रवेश वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी या सत्रांत दिले जातात. ऑनलाइन शिक्षणक्रमाचा किमान कालावधी नियमित शिक्षणक्रमाइतकाच असतो. अधिक वेगाने अभ्यास करून दोन वर्षांची पदवी एका वर्षात मिळविता येत नाही. सवलत आहे ती उलट दिशेने. इग्नूच्या दोन वर्षांच्या बहुतेक पदव्युत्तर शिक्षणक्रमांसाठी कमाल चार वर्षांची मुदत असते.

किमान आणि कमाल कालावधी यांतील हा फरक प्रत्यक्ष आठवड्यात किती तासांचा होतो, हे मांडून पाहता येते. २,४०० तासांचे अध्ययन दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांवर समान वाटले, तर आठवड्याला सुमारे २३ तास येतात. तेच चार वर्षांवर वाटले, तर सुमारे साडेअकरा तास होतात. पहिला भार म्हणजे रोज तीन तासांहून अधिक अभ्यास. दुसरा म्हणजे रोज दीड तासाच्या आसपास, अथवा आठवड्यातील कामाच्या दिवशी एकेक तास आणि सुटीच्या दिवशी उरलेला अभ्यास.

प्रत्यक्षात अध्ययन असे समान विभागलेले नसते. एका सत्रात ४ श्रेयांकांचे पाच अभ्यासक्रम घेतल्यास बारा अध्यापन-आठवड्यांत थेट व्याख्याने, चर्चा, ई-व्याख्याने आणि ई-मजकूर यांचेच ३८० तास होतात. म्हणजे आठवड्याला जवळजवळ ३२ तास. स्वयं-अध्ययनाचे २२० तास त्याच काळात बसविले, तर हा भार आठवड्याला ५० तासांवर जातो. स्वयं-अध्ययनाचा मोठा भाग अध्यापन संपल्यानंतर परीक्षेपर्यंतच्या आठवड्यांत ढकलता येतो आणि बहुतेक विद्यार्थी तसेच करतात. त्यामुळे सत्राचा आरंभ हलका भासतो आणि स्वाध्यायांची मुदत व परीक्षा जवळ आल्यावर ताण एकदम वाढतो. आठ तासांची नोकरी करणाऱ्याने पूर्ण सत्राचे पाचही अभ्यासक्रम एकाच वेळी घ्यावेत की काही पुढे ठेवावेत, हा निर्णय म्हणूनच प्रवेशाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

गतीच्या दृष्टीने शिक्षणक्रमांचे दोन ढोबळ प्रकार दिसतात. पहिल्यात संपूर्ण तुकडी एकाच वेळापत्रकाने पुढे जाते. दर आठवड्याला ठरावीक पाठ खुले होतात आणि स्वाध्यायांच्या तारखा सर्वांना समान असतात. दुसऱ्यात साहित्य आरंभीच उपलब्ध होते, विद्यार्थी स्वतःच्या गतीने शिकतो आणि केवळ स्वाध्याय व परीक्षा यांच्याच तारखा बंधनकारक असतात. पहिल्यात लवचीकता कमी असली, तरी मागे पडणारा विद्यार्थी लवकर लक्षात येतो. दुसऱ्यात मोकळीक अधिक असते. परंतु दोन-तीन आठवड्यांचा खंड पडल्यास तो भरून काढणे पूर्णतः विद्यार्थ्याच्या शिस्तीवर अवलंबून राहते. भारतीय विद्यापीठांच्या शिक्षणक्रमांत बहुधा या दोहोंचे मिश्रण आढळते.

मूल्यमापन

एकूण गुणांपैकी अंतर्गत, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो. स्वाध्याय, चाचण्या व चर्चेतील सहभाग यांवर अंतर्गत गुण ठरतात. परीक्षेस बसण्यासाठी ऑनलाइन उपक्रमांत किमान ७५ टक्के सहभाग आवश्यक असतो. वर्गातील हजेरीचीच ही ऑनलाइन आवृत्ती असून तिची नोंद अध्ययन व्यवस्थापन प्रणाली आपोआप ठेवते. शुल्क भरून केवळ परीक्षेपुरते हजर राहावे, अशी या पद्धतीत सोय नाही.

सत्रान्त परीक्षा परीक्षाकेंद्रावर लेखी, संगणकाधारित किंवा तंत्रज्ञानाच्या साहाय्याने दूरस्थ पर्यवेक्षणाखाली घेता येते. दूरस्थ पर्यवेक्षणात विद्यार्थ्याची ओळख प्रथम पटविली जाते आणि परीक्षेच्या काळात कॅमेरा, ध्वनिग्राहक व संगणकाचा पडदा यांवर लक्ष ठेवले जाते. घरातून परीक्षा देताना शांत खोली, अखंड वीजपुरवठा आणि स्थिर जोडणी यांची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते.

श्रेयांकांची साठवण

२०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक त्याच्या नावे जमा होतात. हे श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. आजारपण, बदली, बाळंतपण किंवा घरातील अडचणीमुळे शिक्षण थांबले, तरी तोवरचे परिश्रम वाया जाऊ नयेत, हा या व्यवस्थेचा हेतू आहे. ‘स्वयं’वरील मान्य अभ्यासक्रम पूर्ण करून मिळविलेले श्रेयांकही विद्यापीठाच्या संमतीने पदवीत धरले जातात, २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करता येतात.

आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पदव्युत्तर आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी घेतलेल्यास दोन वर्षांचा आणि चार वर्षांची पदवी घेतलेल्यास एक वर्षाचा पदव्युत्तर शिक्षणक्रम करता येतो. दोन वर्षांच्या शिक्षणक्रमातून पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्यास पदव्युत्तर पदविका मिळण्याची तरतूद आहे. एप्रिल २०२२ पासून दोन शिक्षणक्रम एकाच वेळी करण्यासही आयोगाने परवानगी दिली आहे. त्यामुळे नियमित पदवीबरोबर दुसरी पदवी ऑनलाइन घेता येते.

मान्यता आणि निर्बंध

ऑनलाइन शिक्षणक्रम सुरू करण्यासाठी विद्यापीठाची गुणवत्ता विहित पातळीवर असावी लागते. २०२० च्या विनियमांत नॅक मूल्यांकनात ४ पैकी किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान, असा निकष होता. ३.२६ किंवा अधिक गुण असणाऱ्या विद्यापीठांना पूर्वपरवानगीच्या बाबतीत सूट देण्यात आली. प्रत्येक शिक्षणक्रमाचा प्रकल्प-अहवाल तयार करणे आणि अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र स्थापन करणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे.

सर्वच विषय या पद्धतीने शिकविता येत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, भौतिकोपचार, वास्तुकला, विधी, कृषी आणि हॉटेल व्यवस्थापन इत्यादी शाखांमध्ये ऑनलाइन पदवीस मनाई आहे. पीएच.डी. ही पदवीदेखील ऑनलाइन दिली जात नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसारखे आरोग्यसेवेशी निगडित विषयही वगळण्यात आले. हाताने करावयाचे काम, प्रयोगशाळा आणि रुग्णाशी प्रत्यक्ष संबंध ज्या शिक्षणाचा गाभा आहे, ते पडद्यावरून पूर्ण होत नाही, हे या निर्बंधांमागील तत्त्व आहे. आय.आय.टी. या संस्था स्वतंत्र कायद्यान्वये चालत असल्याने त्यांची चौकट वेगळी आहे, उदाहरणार्थ, आय.आय.टी. कानपूर नोकरदारांसाठी एक ते तीन वर्षांत पूर्ण करता येणारे ‘ई-मास्टर्स’ शिक्षणक्रम चालविते.

इतर देशांतील रचना

युरोपीय श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक २५ ते ३० तासांचा असून पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक धरले जातात. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवीला १८० श्रेयांक लागतात. मात्र तेथे एक श्रेयांक १० तासांचा असल्याने एकूण अध्ययन १,८०० तासांचे होते. श्रेयांकांचा आकडा मोठा दिसला म्हणून पदवी मोठी ठरत नाही. तुलना करताना तासच पाहावे लागतात.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्रातील ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली. तीत दहा अभ्यासक्रम असून बहुतेक विद्यार्थी नोकरी सांभाळून सत्राला एक किंवा दोनच अभ्यासक्रम घेतात आणि सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. एकूण शुल्क सुमारे सात हजार डॉलर इतके अल्प ठेवल्यामुळे या शिक्षणक्रमाकडे जगभर लक्ष वेधले गेले. शुल्क वर्षाला नव्हे, तर घेतलेल्या अभ्यासक्रमांनुसार आकारले की विद्यार्थी आपला भार मोकळेपणाने कमी-अधिक करू शकतो, ही बाब या उदाहरणातून दिसून येते. वार्षिक शुल्क घेणाऱ्या व्यवस्थेत मात्र अभ्यास लांबणीवर टाकणे विद्यार्थ्याला खर्चिक पडू शकते.

फसवणूक आणि पडताळणी

जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांशी करार करून विद्यापीठांनी आपले शिक्षणक्रम मक्तेदारीने चालवावयास देऊ नयेत, असा इशारा दिला. अशा कंपनीकडून तांत्रिक साहाय्य घेता येते. परंतु प्रवेश, अध्यापन, परीक्षा आणि पदवी यांची जबाबदारी विद्यापीठाचीच असते. एप्रिल २०२४ मध्ये ‘दहा दिवसांत एम.बी.ए.’ अशा जाहिरातींविरुद्ध आयोगाने विद्यार्थ्यांना सावध केले. २,४०० तासांचे अध्ययन दहा दिवसांत होऊ शकत नाही, हे श्रेयांकांचा हिशेब ठाऊक असलेल्यास वेगळे सांगावे लागत नाही.

मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नसते. ती विशिष्ट शिक्षणक्रमाला, विशिष्ट पद्धतीसाठी आणि विशिष्ट शैक्षणिक सत्रांसाठी असते. एकाच विद्यापीठाचा एम.कॉम. मान्य आणि दुसरा शिक्षणक्रम अमान्य, असे असू शकते. त्यामुळे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील यादीत विद्यापीठ, शिक्षणक्रम व सत्र या तिन्हींची नोंद पाहणे आवश्यक ठरते. २०२४ च्या सप्टेंबरपासून प्रवेशापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने याच संकेतस्थळावर स्वतःचा ‘डेब’ क्रमांक काढणे अनिवार्य करण्यात आले आहे. श्रेयांक बँकेतील खात्याशी तो जोडलेला असतो. मान्यता नसलेल्या शिक्षणक्रमाची पदवी नोकरी, पदोन्नती अथवा नेट परीक्षेच्या वेळी नाकारली जाऊ शकते. तोवर शुल्क आणि वर्षे दोन्ही खर्ची पडलेली असतात.

मर्यादा

ऑनलाइन शिक्षणाचा लाभ ज्यांना सर्वाधिक व्हावा, त्यांनाच साधनांची चणचण अधिक जाणवते. एकाच भ्रमणध्वनीवर घरातील दोघा-तिघांचा अभ्यास, खेड्यातील अस्थिर जोडणी आणि भारनियमन यांमुळे थेट व्याख्यान हुकते. व्याख्यानाचे मुद्रण नंतर उपलब्ध करून देणे म्हणूनच सोयीचे नव्हे, तर आवश्यक मानले जाते. लहान पडद्यावर दीर्घ मजकूर वाचणे जिकिरीचे असते. पुष्कळ विद्यार्थी साहित्याच्या छापील प्रती काढून अभ्यास करतात.

भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यास वाणिज्य, व्यवस्थापन किंवा समाजशास्त्रे या विषयांतील पदव्युत्तर ऑनलाइन साहित्य बहुधा इंग्रजीतच मिळते. ठरवून दिलेले ३० तास इंग्रजी सहज वाचणाऱ्यास पुरतात. शब्दकोश जवळ ठेवून वाचणाऱ्यास तेच अध्ययन अधिक तासांचे होते. श्रेयांकाच्या हिशेबात या वाढीव तासांची नोंद होत नाही.

घरून शिकणाऱ्या विवाहित स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण दिसते. विद्यार्थिनी घरातच असल्याने ती मोकळीच आहे, असे गृहीत धरले जाते आणि अभ्यासाचे तास घरकामात विरून जातात. महाविद्यालयात जाण्याने वेळेला जे संरक्षण आपोआप लाभत असे, ते ऑनलाइन शिक्षणात घरच्यांच्या संमतीने मिळवावे लागते. ज्यांना एरवी महाविद्यालयाची वाट कायमची बंद झाली असती, अशांसाठी, म्हणजे बदलीच्या नोकरीतील कर्मचारी, दिव्यांग व्यक्ती, लहान मुलांच्या माता आणि उतारवयात शिकू इच्छिणारे यांच्यासाठी, या मर्यादांसह ही पद्धती उपयुक्त ठरते.

हेही पाहा

- इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ
- यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ
- विद्यापीठ अनुदान आयोग
- स्वयं (शैक्षणिक व्यासपीठ)
- दूरस्थ शिक्षण
- राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०